साडेदहा वर्षांपूर्वीचा उजेड

मंजूनं भाजीचं रिकामं कॅरेट उलटं केलं, त्यावर चढली, वही पाठीमागं धरली आणि हनुवटी वर करून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. हौदाच्या काठाशी बसून अनुपमा मेथीच्या जुड्यांची माती धूत होती. याआधी दोनदा ऐकून झालं होतं. पण दोन्ही वेळा मंजूला मध्येच हसू फुटलं आणि भाषण निम्म्याच्या पुढं गेलंच नाही.

"यमुना नावाच्या तारकासमूहात एक नारिंगी तारा आहे," मंजू म्हणाली. "तो आपल्या सूर्याहून थोडा लहान, थोडा थंड आणि वयानं बराच कोवळा आहे. त्याच्याभोवती एक भलामोठा ग्रह फिरतो. त्याच्या एका फेरीला सात वर्षांच्या वर लागतात. म्हणजे मी जन्मल्यापासून त्याची जेमतेम दीड फेरी झाली आहे."

'जेमतेम' हा शब्द अनुपमाचा. तो लेकीच्या तोंडून ऐकून तिला बरं वाटलं.

"या ताऱ्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला साडेदहा वर्षं लागतात. आपल्याकडचा उजेड तिथं जायलाही तेवढीच. आणि मी साडेदहा वर्षांची आहे. तेव्हा आज त्या ग्रहावरून कोणी खूप मोठी दुर्बीण आपल्याकडे लावली, तर त्याला हे स्टेज दिसणार नाही, तुम्ही दिसणार नाही. त्याला माझा जन्म झाला तो दिवस दिसेल."

इथं मंजूनं शिकवल्याप्रमाणे एक श्वास घेतला.

"त्याला काय दिसेल? दवाखान्याची खोली दिसेल. मुलगी झाली म्हणून भिंतीकडे तोंड करून बसलेली माझी आजी दिसेल. आणि मला छातीशी धरून बसलेली माझी आई दिसेल."

अनुपमाच्या हातातली जुडी सुटली. पाण्यावर पानं पसरली, हौदाच्या कडेला जाऊन चिकटली.

"पण हे दूरवरच्या मित्रा, तू अजून साडेदहा वर्षं थांब. मग तुला आजचा दिवस दिसेल. हीच आजी पुढच्या रांगेत बसलेली दिसेल. आज तीच माझी वेणी घालते. माणसं बदलतात, फक्त उजेड पोचायला वेळ लागतो. जय हिंद."

मंजू कॅरेटवरून खाली उडी मारून आईजवळ आली. कसं झालं म्हणून विचारू लागली. शेवटच्या ओळीखाली पुष्पांजली मॅडमनी लाल पेनानं दोन रेघा मारल्या होत्या, त्या तिनं वही उघडून दाखवल्या. अनुपमा एकेक पान गोळा करत राहिली. सगळी पानं हातात आल्यावर तिनं विचारलं,

"आजीला ऐकवलंस का हे?"

"नाही ना. सरप्राइज आहे. आजी शनिवारी पुढच्याच रांगेत बसणार."

ते खरं होतं. चिखलीतल्या मंजूच्या शाळेत शनिवारी आजी-आजोबांचा मेळावा होता, त्यातच मुलांची भाषणस्पर्धा. छापील पत्रिकेवर मॅडमनी हातानं नाव घातलं होतं, 'सौ. सत्यभामाबाई नारायणराव', आणि ती पत्रिका सत्यभामाबाईंनी देव्हाऱ्यात गणपतीच्या मागं उभी करून ठेवली होती. नारायणरावांनी यायला नकार दिला. या आठवड्यात शेतातल्या मोटारीला वीज दिवसाची होती, पाणी सोडून कुठं येऊ म्हणाले. त्यामुळे सत्यभामाबाई एकट्याच जाणार होत्या. संक्रांतीला घेतलेलं लुगडं त्यांनी दोनदा घडी मोडून पाहिलं होतं. शाळेच्या आवारात त्या आजवर शंभरदा गेल्या असतील, पण फाटकापर्यंत. मंजूचा विसरलेला डबा द्यायला.

तारा शोधून काढायचा उद्योगही मॅडमचाच. पाचवीच्या वर्गाला त्यांनी सांगितलं होतं, ज्याचं जेवढं वय तेवढ्या प्रकाशवर्षांवरचा तारा शोधून आणा. वर्गातल्या बाकी मुलांचे तारे दुर्बिणीशिवाय दिसणारे नव्हते. मंजूचा एकटीचा साध्या डोळ्यांना दिसणारा निघाला. एप्सिलॉन एरिडानी. तो शोधून दिला होता अनुपमानंच, रात्री जेवणं झाल्यावर मोबाइलवर, मोठ्या हौसेनं. भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्याला बारा वर्षं लोटली होती. त्यातलं काही कामाला आलं असं वाटून त्या दिवशी तिला झोप छान लागली होती.

आता तिनं ओले हात पदराला पुसले.

"मंजू, एक चूक आहे यात. तो ग्रह वायूचा आहे, आपल्या गुरूसारखा. उभं राहायला जमीनच नाही त्यावर. दुर्बीण कोण लावणार आणि कुठं लावणार?"

मंजूनं विचार केला. "मग त्याच्या चंद्रावर उभा राहील."

"त्याला चंद्र असल्याचं अजून कोणाला सापडलेलं नाही."

"सापडलेला नाही म्हणजे नाहीच, असं थोडंच असतं." हेही वाक्य अनुपमाचंच होतं.

"आणि जुलै महिना होता तो. आभाळ गच्च भरलेलं. ढगांतून काय दिसणार?"

"खरंच ढग होते?" मंजूनं लगेच वही उघडली. "मग 'ढग बाजूला झाले तर' असं टाकते. भारी वाटेल."

"दवाखान्याला स्लॅब असतो, बेटा."

"मम्मी, तू मॅडमपेक्षा जास्त चुका काढते." मंजूनं पेनाचं टोपण दातांत धरलं. "खिडकी होती ना खोलीला?"

"होती," अनुपमा म्हणाली.

खिडकी होती. ती पाठीमागच्या बाजूला होती. अनुपमाच्या समोर भिंत होती, पिस्ता रंगाची. खाटेच्या उशाशी आधीच्या बायकांच्या डोक्याच्या तेलाचे डाग एकावर एक पडलेले, आणि त्याखाली कोणीतरी नखानं रंग खरवडून काढलेला. अनुपमाला त्या खरवडीचा आकार आजही कागदावर काढून दाखवता आला असता. तीन दिवस तिनं दुसरं काही पाहिलंच नव्हतं.

तिला मुलगा व्हावा असं घरात कोणी म्हटलं नव्हतं. नारायणराव या विषयावर कधी बोलले नाहीत. नवरा हर्षल तर सोनोग्राफीला जाताना तिच्याहून जास्त घाबरलेला. हिशेब सगळा तिचा एकटीचा होता. मुलगा झाला की विषय मिटला. एकावर थांबायचं, वर्ष-दीड वर्षात अमरावती गाठायची, एम.एस्सी. पूर्ण करायचं. मुलगी झाली की पुन्हा सगळं पहिल्यापासून, कारण लोक विचारत राहणार, आणि आज ना उद्या आपणच मान तुकवणार. तिनं हे कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. पण नर्सनं मुलगी म्हणून सांगितलं तेव्हा ती कुशीवर वळली आणि वळलेलीच राहिली.

सासूनं दोनदा हाक मारली होती. "अनु, पाह्य तं खरं." नंतर मारली नाही. लेकरू रडून रडून निळं पडायला लागलं, तेव्हा सत्यभामाबाईंनी शेजारच्या खाटेवरच्या रोहिणखेडच्या बाळंतिणीपुढं पदर पसरला. ओळख ना पाळख. ती बाई आपलं लेकरू बाजूला निजवून हिला अंगावर पाजायला घ्यायची. पाठीमागं चाललेलं ते सगळं अनुपमाला ऐकू येत होतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सत्यभामाबाई दारातच सांगत, ताप हाये तिले, डॉक्टर म्हनले लेकरू जवळ देऊ नका. हर्षललाही त्यांनी तेच सांगितलं. त्यानं कपाळाला हात लावून पाहिला असता तर कळलं असतं. पण आईचं म्हणणं तपासून पाहायची त्याला सवय नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी सत्यभामाबाईंनी झोपलेलं लेकरू उचललं, अनुपमाच्या पाठीला लागून ठेवलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसल्या. पाठीच्या कण्याशी मुठीएवढी ऊब. ती ऊब श्वास घेत होती. अनुपमानं बराच वेळ दम धरला. आपण वळलो तर लेकराच्या अंगावर पडू, आणि नाही वळलो तर ते खाली पडेल, असं काहीतरी मनात आलं. मग ती हळूच, अंग चोरून, वळली.

त्यानंतर दुसरं मूल झालं नाही. अमरावतीही झाली नाही. आणि मंजूवाचून तिला आता एक दिवस काढवत नव्हता, हे तर शेजारपाजारही सांगेल. मंजू शिंकली तरी अनुपमा थर्मामीटर शोधायची. शाळेची गाडी पाच मिनिटं उशिरा आली तर फाट्यावर जाऊन उभी राहायची.

आजीचं नाव पुढं आलं ते चार वर्षांपूर्वी. गल्लीतल्या केसरबाईंच्या नातीचं बारसं होतं. केसरबाई दवाखान्यात डबा घेऊन आलेल्या, त्यांचे डोळे तेज. पाळण्याची दोरी धरून त्या चेष्टेनं म्हणाल्या, "हे मंजी झाली तवा तं तीन दिवस तोंड नव्हतं पाह्यलं हिचं. अन् आता पाह्य, कशी गुलाबासारखी झाली." बायका हसल्या. अनुपमाही हसली. घरी आल्यावर सहा वर्षांच्या मंजूनं चुलीजवळ उभं राहून विचारलं, "माझं तोंड कोणी नव्हतं पाहिलं?"

अनुपमा भाकरी उलटत होती. "आजीनं," ती म्हणाली.

एवढंच. भाकरी फुगायच्या आत बोलून झालं. मोठी झाली की सांगू, असं तेव्हा मनाशी म्हटलं होतं. पण त्या एका शब्दाला पुढं कसल्याच आधाराची गरज पडली नाही. सासू अशीच असते, हे टीव्हीवर रोज दिसत होतं, शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं होतं. "आणि तू गं?" असं मंजूनं पुढं कधीतरी विचारलं तेव्हा "मी तुला घेऊन बसले होते" हे आपोआप निघालं. त्याच सुमारास एकदा मंजू आजीच्या मांडीवर जाऊन बसली आणि मोठ्या माणसासारखी म्हणाली, "आजी, मी तुझ्यावर रागावले नाही बरं का." सत्यभामाबाई तूर निवडत होत्या. त्यांनी एकदा सुनेकडे पाहिलं, मग सुपाकडे. "बरं माय," म्हणाल्या.

ते पाहणं अनुपमानं चार वर्षं मनातल्या मनात वळवून वळवून पाहिलं होतं. कळलं असेल का? कळलं असतं तर बोलल्या नसत्या का?

शुक्रवारी संध्याकाळी सत्यभामाबाई ओसरीत सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत बसल्या होत्या. उद्या सकाळच्या बाजाराला माल हर्षलच नेणार होता. सात वाजून गेले आणि गावठाणाची लाईट गेली. मंजूनं टाळ्या वाजवल्या. अंधार हवाच होता तिला.

"आजी चल, माझा तारा दाखवते."

"मले काय दिसते बाई आता." असं म्हणत त्या उठल्याही. हाताला सांभाराचा वास तसाच. अनुपमानं काहीतरी कारण काढून मंजूला आत बोलवायचं ठरवलं, आणि कारण सुचेपर्यंत दोघी बांधावर पोचल्या होत्या. तीही मागोमाग गेली.

थंडी कोरडी होती. मळ्यापलीकडे दिवा नव्हता. पूर्वेकडून वर आलेल्या तीन चांदण्यांकडे सत्यभामाबाईंनी बोट केलं. "ते पाह्य तिफन. तुह्ये आजोबा मले नवी नवरी असतानी दाखवत जाय. तीन दाते हायेत का नाई पेरायच्या तिफनीले, तशेच." मंजूनं तिफणीवरून खाली येऊन राजन्य हा ठळक तारा धरला, आजीचा हात लांब केला, आजीच्याच बोटांची वीत करून उजवीकडे वर मोजली.

"इथं. वीतभर आणि थोडं पुढं. ती बारीक."

"हाव, हाये एक. पन मले तं पांढरीच दिसून राह्यली."

"नारिंगी आहे ती. दुरून कळत नाही." मंजू आजीला बिलगली. "आजी, तिथून आपण दिसतो. पण आजचे नाही."

"मंग कवाचे?"

"मी झाले तेव्हाचे."

"अय माय," सत्यभामाबाई हसल्या. "अन् काय दिसन मंग त्याले?"

"मंजू, सरप्राइज आहे ना ते?" अनुपमा घाईनं म्हणाली. तिचा आवाज तिलाच चढलेला वाटला. पण मंजूला विचारणारं माणूस भेटलं होतं. तिनं वही नसताना, अंधारात, आजीच्या हाताला धरून सगळं म्हणून दाखवलं. यमुना, ग्रह, दीड फेरी, बाजूला झालेले ढग, खिडकी. दवाखान्याची खोली. भिंतीकडे तोंड करून बसलेली आजी. छातीशी धरून बसलेली आई. माणसं बदलतात.

जय हिंद म्हणून झालं. दूर कुठंतरी डिझेलचं इंजिन चालू होतं, त्याचा आवाज तेवढा येत होता.

"हे कोनं सांगतलं तुले?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"मम्मीनं."

अनुपमाला सासूचा चेहरा दिसत नव्हता. डोक्यावरचा पदर आणि कानाशी पांढऱ्या झालेल्या बटा, एवढंच. तिनं तोंड उघडलं. थंड हवा तेवढी आत गेली. मंजूच्या डोक्यावरून हात नेऊन त्या बाईच्या पायाला हात लावावा, इतकं तरी व्हावं, तेही झालं नाही. ती आपली उभी होती, एका हातानं दुसऱ्या हाताची बांगडी फिरवत.

"हाव," सत्यभामाबाई म्हणाल्या. "ताप होता मले तवा."

"ताप?"

"लय ताप. तापात मानूस भिंतीकडंच पाह्यते माय. उजेड सहन होत नाई त्याले."

"मग मी 'आजीला ताप होता' असं टाकू?"

"टाक. अन् वेनीचं ठेव तेवढं. ते चांगलं हाये."

परत येताना सत्यभामाबाई बॅटरी घेऊन पुढं होत्या, मंजू त्यांच्या बोटाला. मळ्यातून ठिबकच्या नळ्या आडव्या पडलेल्या. एका ठिकाणी त्या थांबल्या, मागं वळल्या आणि बॅटरीचा उजेड अनुपमाच्या पायांवर टाकला.

"अनु, पाह्यजो. पाइप हाये."

अनुपमानं पाय उचलून पाइप ओलांडला. बॅटरी चेहऱ्यावर टाकली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

शनिवारी शाळेच्या मैदानात मांडव होता. आलेल्या प्रत्येक आजी-आजोबांना एकेक गुलाब दिला. सत्यभामाबाईंनी तो आधी हातात धरला, मग मांडीवर ठेवला, मग पुन्हा हातात घेतला. नव्या लुगड्याचा काठ कडक होता, तो गुडघ्यावर बसत नव्हता. दोन खुर्च्या सोडून केसरबाई. त्यांचा नातू तिसरीत होता. अनुपमा आयांच्या घोळक्यात मागं उभी राहिली आणि त्या दोन पाठमोऱ्या पदरांकडे पाहत राहिली. ती ओळ आली की केसरबाई आधी सत्यभामाबाईंकडे पाहणार. मग मागं वळून शोधणार. आणि सत्यभामाबाई समोर पाहत बसणार, गुलाब धरून. शे-दीडशे माणसं टाळ्या वाजवणार. त्या टाळ्याही त्या घेणार, तापासारख्या.

सहाव्या मुलाचं भाषण सुरू झालं. मंजूचा नंबर सातवा. अनुपमा घोळक्यातून बाहेर पडली आणि स्टेजच्या मागं गेली.

पडद्याआड मंजू ओठ हलवत उभी होती. आजीनं घातलेल्या दोन वेण्या, लाल रिबिनी, कानामागं तेलाची चकाकी. आईला पाहून तिनं भुवया उंचावल्या. ही वेळ नाही, हे अनुपमाला कळत होतं. साडेदहा वर्षांत चांगल्या वेळा पुष्कळ येऊन गेल्या होत्या.

ती लेकीसमोर उकिडवी बसली.

"मंजू, आजी नव्हती ती. मी होते."

"काय?"

"भिंतीकडे तोंड करून. आजीनं नाही केलं तसं. मी केलं. तीन दिवस. आजी तुला घेऊन बसली होती."

पलीकडे टाळ्या झाल्या. मॅडमचा आवाज आला, पुढची स्पर्धक, इयत्ता पाचवी.

"तुला ताप होता?" मंजूनं विचारलं.

विचारताना ती जवळजवळ मान हलवत होती, हो म्हण, असं सांगितल्यासारखी. अनुपमाला ते दार दिसलं. एवढंसं, उघडं, आत उजेड असलेलं.

"नाही," ती म्हणाली. "मला ताप नव्हता."

मंजूनं वही तिच्या हातात दिली आणि पडदा बाजूला करून स्टेजवर गेली.

अनुपमा पुढं गेली नाही. तिथंच, दोऱ्या आणि खुर्च्यांच्या ढिगाजवळ, पडद्याच्या फटीतून तिला लेकीची पाठ दिसत होती आणि पलीकडे पहिली रांग. मंजूचा आवाज सुरुवातीला बारीक निघाला, मग स्थिर झाला. यमुना. नारिंगी तारा. वायूचा ग्रह, त्याच्या असू शकणाऱ्या चंद्रावर उभा असलेला कोणी एक. ढग बाजूला झाले.

"त्याला काय दिसेल?" मंजू म्हणाली. "दवाखान्याची खोली दिसेल."

आणि थांबली.

थांबणं लांबलं. पहिल्या रांगेत कोणीतरी खाकरलं. स्टेजच्या कडेवरून पुष्पांजली मॅडमनी हलक्या आवाजात शब्द पुरवला, "मुलगी झाली म्हणून..." मंजूनं मान हलवली नाही. तिचा उजवा हात वेणीच्या टोकाकडे गेला आणि रिबिन धरून राहिला.

"खोलीत माझी आजी दिसेल," ती म्हणाली. "तिच्या मांडीवर मी दिसेन." पुन्हा थोडं थांबली. "खोलीत आणखी एक जण आहे. पण इतक्या लांबून ते नीट दिसत नाही."

मॅडम हातातला कागद चाळू लागल्या.

"हे दूरवरच्या मित्रा, तू अजून साडेदहा वर्षं थांब. मग तुला आजचा दिवस दिसेल."

एवढं बोलून मंजूनं नमस्कार केला. लाल रेघांची ओळ राहिली. जय हिंदही राहिलं. भाषण मध्येच तुटल्यासारखं वाटून लोकांनी टाळ्या उशिरा वाजवल्या, थोड्या वाजवल्या. केसरबाई शेजारणीच्या कानाशी काहीतरी बोलत होत्या. सत्यभामाबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत, हातात गुलाब होता. त्या अर्ध्या उठून मागं वळल्या होत्या आणि आयांच्या घोळक्यात एकेक तोंड पाहत कोणालातरी शोधत होत्या.

बक्षीस मिळालं नाही. मॅडम अनुपमाला म्हणाल्या, ऐन वेळी विसरली हो, घाबरली असेल. अनुपमा हो म्हणाली. मग तिनं ते मागं घेतलं. "विसरली नाही ती," म्हणाली. पण तोवर मॅडम दुसऱ्या पालकांकडे वळल्या होत्या.

घरी जायला काळीपिवळी जीप मिळाली. हर्षल अजून बाजारातच होता. मधल्या सीटवर मंजू आधी चढली आणि खिडकी धरून बसली, मग सत्यभामाबाई, मग या कडेला अनुपमा. जीप भरायची होती. ड्रायव्हर गावांची नावं ओरडत होता. मंजूनं सगळं अंग खिडकीकडे वळवलं, कपाळ काचेला टेकवलं. दोन्ही वेण्या पाठीवर. स्टेजवरून उतरल्यापासून ती आईशी एक शब्द बोलली नव्हती. आजीशी बोलली होती. गुलाब मी धरू का, एवढंच.

थोड्या वेळानं सत्यभामाबाईंनी अनुपमाच्या दंडाला हात लावला.

"तू इकडं सरक. मले त्या खिडकीपाशी बसू दे. मळमळ होऊन राह्यली."

अनुपमानं त्यांच्याकडे पाहिलं. ही बाई सारा जन्म ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, ट्रकच्या मागं, भाजीच्या ढिगावर बसून बाजाराला गेली होती. तिला गाडी लागल्याचं आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

"सरक की," सत्यभामाबाई म्हणाल्या.

दोघींनी जागा बदलल्या. अनुपमा मधोमध आली, मंजूच्या पाठीला लागून. सत्यभामाबाईंनी पदर नाकाशी धरला आणि आपल्या खिडकीबाहेर तोंड करून बसल्या, आता इकडे काय होतं त्याच्याशी आपला काही संबंध नाही अशा.

जीप भरली, हलली, बाजार समितीच्या वळणावरून गावाबाहेर आली. रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्याला तिघी हलत होत्या आणि पुन्हा आपापल्या जागी येत होत्या. अनुपमानं दोन्ही हात मांडीवर ठेवले. तिचा दंड आणि मंजूची पाठ यांच्यात बोटभर अंतर होतं. लेकीच्या अंगाची ऊब तिथपर्यंत येत होती. ती सरकली नाही. फाटा यायला अजून वीस मिनिटं होती.